जागेअभावी

आमची मंडळी रविवारी जमते.
देवळात जायचं नसतं, म्हणून वेळ असतो.
कुंडलिकेच्या पुलापलीकडं, हमीदभाईच्या गॅरेजात,
ऑइलनं काळ्या झालेल्या बाकावर.
देव नाही, हे आम्ही ब्याऐंशी सालीच ठरवलंय.
ठराव एकमतानं मंजूर. सूचक मी.

तर फादर अंब्रोज दुशिंग.
भोकरदनपासून अंबडपर्यंत सात मिशनांचा मुख्य.
त्यानं काय केलं, तर दफनभूमीतली भिंत पाडली.
कमरेएवढी होती, दगडमातीची.
अलीकडं एका वाड्याची माणसं, पलीकडं दुसऱ्या.
आज्यानं धर्म बदलला होता, वेस नव्हती बदलली.
ती गाठोड्यात बांधून सोबत आणली
आणि मेल्यावर उशाला घेतली.

पहिली पहार फादरनं स्वतः मारली.
वय एकोणसत्तर, गुडघे गेलेले.
त्याचे लोक म्हणाले, म्हातारा कम्युनिस्ट झाला.
आम्ही म्हणालो, म्हातारा आपला झाला.

पेपरातला फोटो कापून गॅरेजात डकवला,
तसबिरींच्या रांगेत.
(आम्ही तसबिरींना हार घालत नाही.
फक्त धूळ पुसतो, तीही जयंतीला.)
अभिनंदनाचा मसुदा वाचला गेला.
वहिदा, सिव्हिलमधली सिस्टर, तेवढी म्हणाली,
"राजा दयाळू निघाला म्हणून राज्य गेलं का?"
हमीदभाईनं पाना खाली ठेवला.
मी चहा सांगितला.

ठराव द्यायला मीच गेलो.
फादर घमेल्यात कोमट पाणी घेऊन पाय शेकत होता.
चष्मा पुसून त्यानं कागद दोनदा वाचला.
"'पुढे आले' असं लिहिलंय तुम्ही.
मी कुठं आलो पुढं?
आहे तिथंच जरा वाकलो."
मग, "समितीत बाया किती हैत?"
एक.
"अध्यक्ष?"
मी.
"कधीपासून?"
घमेल्यातलं पाणी निवत चाललं होतं.
"आमच्यात निदान माणूस मेल्यावर तरी
निवडणूक होते, सर."

हे मी मंडळींना सांगितलं नाही.

आषाढात ती पोरगी आली. एकोणीस वर्षांची.
मिशनच्या दवाखान्यात. तिला पोटातलं नको होतं.
फादरनं परवानगी दिली नाही.
वरून दबाव होता, असं आम्ही धरून चाललो.
तसं नव्हतं. त्याला ते खरंच पटत होतं.
आणि हेच आम्हाला परवडत नव्हतं.
बाप तिला रिक्षात घालून सिव्हिलला घेऊन गेला.
फोटो त्याच संध्याकाळी उतरला.
"शेवटी पाद्रीच."
भिंतीवर चौकोन राहिला, भोवतीपेक्षा उजळ.

वहिदानं नंतर सांगितलं,
त्या रात्री सिव्हिलच्या वऱ्हांड्यात
पोरीच्या बापाशेजारी एक म्हातारा बसून होता,
पहाटेपर्यंत. पाय लांब करून.
जपमाळ खिशात होती की नव्हती, ठाऊक नाही.
बाहेर काढली नाही.
"त्याला बरोबर म्हणत नाही मी," वहिदा म्हणाली,
"बसला होता, एवढंच सांगते."

परवानगी नाकारली, ही ओळ
आमच्या बुलेटिनात पहिल्या पानावर गेली.
बसला होता, ही ओळ
जागेअभावी राहिली.
संपादक मीच.

पुढल्या उन्हाळ्यात त्याची बदली झाली.
कुठं, ते आम्ही विचारलं नाही.
माझी चाल मंदावली, डॉक्टरनं फिरायला सांगितलंय,
म्हणून संध्याकाळी मी दफनभूमीकडून जातो.
दगड नेले कुणी गोठ्याला, कुणी पायरीला.
भिंतीच्या जागी एक पट्टा उरलाय,
तिथं अजून गवत धरत नाही.
माणसं खांद्यावर पेटी घेऊन येतात,
पट्ट्यापाशी आली की
काही नसताना पाय उंच उचलतात.

काल मीही उचलला.